खांबाखालचा आवाज

बाबा,

तुम्हांस जाऊन पुष्कळ वर्षे झाली. मी चौथीच शिकलो, तरी शुद्ध लिहितो, याचा तुम्हांस अभिमान होता. आज लिहिण्याचे कारण तुमचा नातू. तोही आपल्यासारखाच वायरमन झाला. मागील आठवड्यात टेमघरला वीज गेली असता, तो खांबावरून उतरताच जमावाने त्याला मारले. हाड मोडलेले नाही. परंतु तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून निजून असतो. ड्युटीवर जात नाही, धड जेवत नाही. नोकरी राहील असे वाटत नाही, आणि नोकरीपेक्षाही मला त्याचीच भीती वाटते.

मला सन ऐंशीनंतरची ती दुपार आठवते. डीपी जळाली आहे, गल्लीतले सारे लूम, कापड विणणारे यंत्रमाग, एकदम गप्प झाले आहेत. तुम्ही खांबावर आहात, मी खाली शिडी धरून उभा आहे. भोवती मालक, कारीगर जमले आहेत. "ए वायरमन, ऊपर सो गया क्या?" "बीवी याद आ रही है इसको!" लोक हसतात. तुमचा हात मात्र जराही चुकत नाही. उतरल्यावर तुम्ही पक्कड पुसता आणि त्याच माणसाला विचारता, "चाय पिलाओगे, सेठ?" मी संतापलेला असतो. तुम्ही मला म्हणता, "आपलं ध्यान तारेवर. खालचा बोलतो, बोलू दे. आपल्याला ऐकायचंच न्हाय."

तेव्हापासून मी लूमखालच्या सुताचे बोळे कानांत घालून चढू लागलो. "आता काही ऐकू येत नाही," असे तुम्हांस सांगितले. तुम्ही पाठीवर थाप मारली. एवढे मोठे बक्षीस मला साऱ्या नोकरीत पुन्हा मिळाले नाही.

तुमच्या जलदानविधीनंतर आई चुलीशी बसून सहज म्हणाली, "त्यांना कुठं ऐकू येत व्हतं रे? ही नोकरी लागायच्या आधी लूमवरच कान गेले त्यांचे. समोरच्याच्या ओठांकडं बघून वळखायचे. मी तरी खांद्याला हात लावूनच बोलवायची." जे धैर्य समजून मी जन्मभर गिरवीत आलो, ते बहिरेपण होते.

काल मुलाने भिंतीकडे पाहतच विचारले, "आजोबा कसं सहन करायचे?"

"त्यांचं मन घट्ट होतं."

"आणि तुम्ही?"

"मलाही काही ऐकू येत नसे."

तो उठून बसेल, असे मला वाटले होते. "बरं," एवढेच म्हणून त्याने पांघरूण डोक्यावरून ओढले.

हे पत्र कोठेही पाठवावयाचे नाही. तुम्हांसच सांगतो, कारण तुम्हांस तेव्हाही ऐकू गेले नसते: बोळे घालूनही मला सर्व ऐकू येत असे. आईवरून दिलेली एक शिवी तर अजूनही ऐकू येते.