लोकरीच्या झुरळावर फवारा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच आडवा पडून घातलाय. सोफ्यावर बसायची सोय राहिलेली नाही, का ते पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की तोही त्यांच्यासारखाच घरात ठाण मांडून बसलाय? इकडे आम्ही खुशाल आहोत. किडे तर फारच खुशाल आहेत.

गेल्या सुट्टीत तू तुझ्या भावजयीला दोन सुया आणि पिशवीभर लोकर दिलीस आणि "तेवढाच विरंगुळा" म्हणून निघून गेलीस. आग लावून गेलीस म्हण ना! साध्या बायका फुलं विणतात, फार तर मोर. हिने किडे काढले. पडद्याच्या कडेला मुंगळ्यांची रांग, चपलांवर नाकतोडे, किटलीच्या टोपीवर भुंगे. (किटलीलाही थंडी वाजते हे मला पन्नाशीत कळलं.) अगं, पाठीला पंप बांधून लोकांच्या घरातली झुरळं मारण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याच घरात ती रंगीबेरंगी होऊन मिरवतायत! पहिल्याच दिवशी मी बजावलं, घर तुझं आहे, काय हवं ते कर, पण माझ्या अंगाला यातलं काही लागता कामा नये. शेजारीण मात्र रोज येऊन "अय्या, किती गोड सुरवंट!" करते. हीच बाई खराखुरा सुरवंट दिसला की खुर्चीवर चढून मला हाका मारते.

परवा सकाळी गारठा होता. घाईत खुंटीवरचा हाताला लागला तो मफलर गुंडाळला आणि कामावर गेलो. मोठं हॉटेल, आपलं नेहमीचं गिऱ्हाईक. "आता या स्वयंपाकघरात औषधालासुद्धा किडा सापडायचा नाही," असं मॅनेजरला छातीठोकपणे सांगतोय, तोच आचाऱ्याने माझ्या खांद्यावर झारा हाणला. मफलर हिचा स्वतःचा निघाला, आणि खांद्यावर त्यावरचं जांभळं झुरळ बसलेलं होतं, मिशांसकट. काम तिथल्या तिथे गेलं. वर त्या मॅनेजरने मफलर उलटसुलट करून पाहिला आणि स्वतःच्या बायकोसाठी तसाच एक सांगितला! घरी येऊन हे सांगितलं, म्हटलं निदान हळहळेल. छे! म्हणाली, "मिशा ओळखू आल्या का हो त्याला?"

डोकं भडकलेलंच होतं. तसाच सोफ्यावर पडलो, डोळा लागला. जाग आली तर नाकासमोर मिशा हलतायत. (पंख्याचा वारा, दुसरं काय.) ताई, हाताला सवय असते गं. पंप शेजारीच होता. फवारलं, चांगलं निथळेपर्यंत फवारलं, आणि वर चप्पल हाणली. ती प्रदर्शनासाठी जिवापाड खपून विणलेली उशी होती, हिरव्या-सोनेरी झुरळाची. रंग असा पसरला की झुरळ कुठलं आणि डाग कुठला कळेना. ही दारात उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "लोकांकडची जिवंत सोडून येता आणि घरातलं लोकरीचं तेवढं मारता." तेव्हापासून अबोला आहे. जेवायला वाढते, पण "मीठ लागलं तर सांगावं" हे ताटाला सांगते. बाकीच्या उशा उचलून कपाटात कुलूपबंद केल्यात, आणि सोफ्याच्या उघड्या फळीवर बसण्यापेक्षा जमीन बरी.

घर खायला उठलंय, ताई. साथ तू आणलीस, आता तूच निस्तर. हा नाद सोड म्हणून तिला खरमरीत लिही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. खरमरीत नको लिहूस. हिरवी-सोनेरी लोकर तुझ्याकडे उरली असेल तर तेवढी माझ्या नावाने पाठव. इथली सगळी दुकानं पालथी घातली. डागाळलेली उशी पडद्याबरोबर धुऊनही पाहिली, त्यात पडद्यावरचे मुंगळे हिरवे झाले. (ते तिला अजून माहीत नाही.)

आणखी एक. हिने शेजारणीला शाल विणली, शेजारणीच्या कुत्र्याला स्वेटर विणला, आता त्या मॅनेजरच्या बायकोचा मफलर सुयांवर आहे. मला हातरुमालाएवढंसुद्धा काही नाही. लग्न झाल्यापासून माझा एवढा एकच हुकूम तिने पाळला. मी तोंडाने मागणार नाही, तू आपणहून सुचवल्यासारखं लिही. छाती बेचाळीस. ढेकूणसुद्धा चालेल. फक्त पाठीवर नको, पुढे काढायला सांग, सगळ्यांना दिसेल असा.