घर नांदतं दिसलं पाहिजे

तीर्थस्वरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नका, आणि कृपा करून यापुढे कुणाला सल्लाही देऊ नका. गेल्या वर्षी आरामखुर्चीत बसून तुम्ही म्हणालात, दुसरा फ्लॅट घे, भाडेकरू बँकेचा हप्ता फेडेल, तू नुसता पाय पसरून बस. फ्लॅट घेतला, हप्ता सुरू झाला, भाडेकरूचा मात्र पत्ता नाही. पाय पसरायला गेलो तर अंथरूणच आखूड!

शेवटी एजंट गाठला. (माणूस गोड आहे, पंखा नसलेल्या खोलीला तो ‘हवेशीर’ म्हणतो.) त्याचं म्हणणं, रिकामं घर मनात भरत नाही, घर नांदतं दिसलं पाहिजे. हे तो मला म्हणाला, पण ऐकलं आमच्या हिने. ‘नांदणं’ हा शब्द बाईमाणसासमोर जपून वापरावा, हे त्या ब्रह्मचाऱ्याला कोण सांगणार! आधी हिने तिथे पडदे नेले. मग चहाचं भांडं (बघायला आलेल्यांना कोरड्या तोंडी कसं पाठवायचं?), मग कुकर, मग गादी, आणि एका संध्याकाळी मी घरी आलो तर ही स्वतःच तिकडे नांदायला गेलेली. मला नेलं नाही. दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेल्या माझ्या रेडिओंमुळे घर नांदतं नाही, भंगारवाल्याचं दिसतं म्हणे.

तेव्हापासून येईल त्याला ही चहा पाजते आणि पळवून लावते. एका जोडप्याला सांगितलं, वरचे लोक पहाटे कपाटं सरकवतात. (वर गच्ची आहे.) बँकेतल्या एका सज्जनाला पाण्याबद्दल असं काही सांगितलं की तो अर्धा चहा टाकून गेला. मी तावातावाने जाब विचारायला गेलो, तर ही ओट्याशी उभी, समोर खिडकी, हातावर ऊन, आणि चक्क गुणगुणत होती. आमच्या जुन्या घरात ओट्यासमोर भिंत आहे, तुम्ही पाहिली आहेच. चहा पिऊन परत आलो. खरं सांगतो दाजी, ती नसली की घर खायला उठतं. पण तिला त्या खिडकीपासून उठवायचं माझ्या जिवावर येतं.

मग एजंटनेच तोड काढली. नवं देता येत नसेल तर जुनं द्या, म्हणाला, आणि काल एका शिक्षिकाबाईंना घेऊन हजर झाला. मी बनियनवर, भोवती रेडिओंची आतडी पसरलेली. बाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, “अगदी नांदतं घर आहे हो!” जागेवरच ठरवून मोकळ्या झाल्या. म्हणजे हप्त्याची काळजी मिटली आणि तुमचा सल्ला खरा ठरला. गुंतवणूकदार म्हणून मी यशस्वी आहे, फक्त राहायला घर नाही.

कळावे, लोभ आहेच, तो भाडं न आकारता असू द्यावा.

आपला,
दोन घरांचा मालक

ता. क. ही मला म्हणते, तुम्ही खुशाल या, रेडिओ आणू नका. तेव्हा तुमची वरची खोली रेडिओंना द्याल का? ते शांत असतात. एकही चालत नाही.

आणखी ता. क. पत्र बंद करता करता उघडलं. तुम्हाला “दोन दिवसांत येते” सांगून निघालेली ताई नव्या घरी पोचली आहे. तिलाही ती खिडकी फार आवडली. आता तिथे मलाही जागा नाही, म्हणून रेडिओंबरोबर मीही येतो. भात मला लावता येतो, बाकीचं तुम्ही बघा. आणि तुमची उशी सापडत नसेल तर घर उलटंपालटं करू नका, ताई ती इकडे घेऊन आली आहे.