बारा वाजता हरवणाऱ्या उष्णतेबाबत

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
प्लास्टिक साचेकाम विभाग

विषय: साचा क्रमांक सातवरील उष्णता मोजणीचा अहवाल.
संदर्भ: त्यावरील आपला शेरा, "उत्तम. सोमवारी पाहुण्यांना करून दाखवा, मग नोकरीत कायम करू."

महोदय,

सदर अहवाल साफ चुकीचा आहे. हे वाक्य आपल्या वाचनात आलेच नाही असे समजून पुढे वाचावे.

१. वितळलेले प्लास्टिक साच्याला किती उष्णता देते, हे मोजण्यासाठी अर्जदाराने साच्याच्या पोलादात तापमापक तारा बसवल्या. रोज बारा ते साडेबारा आकडा घसरे. प्लास्टिक तेवढेच, थंड पाणी तेवढेच, तरी साचा चार अंशांनी गार. सबब, भर दुपारी प्लास्टिक साच्यापासून अंग चोरते व मध्ये हवेची फट पडते, असा सिद्धांत अर्जदाराने अकरा पानांत मांडला व त्यास 'मध्यान्ह फट' असे नाव दिले. अर्जदाराच्या आईने ते शेजारीपाजारी सांगूनही टाकले आहे.

२. काल अर्जदार प्रथमच बारा वाजता साच्यापाशी गेला. एरवी त्या वेळी तो जेवणाच्या खोलीत पंख्याखालची जागा धरून बसतो. साच्याच्या माथ्यावर पाच डबे ओळीने तापत होते. मशीनवरच्या मावशी म्हणाल्या, "तुझा सगळ्यात गार असतो रे, म्हणून तुझ्या त्या तारांवरच ठेवते. साडेबारापर्यंत कसा मस्त होतो!"

३. तीन आठवडे अर्जदार वाफाळलेले जेवण जेवला. ते गरम कसे, हा प्रश्न त्यास एकदाही पडला नाही. त्याची नेमणूक उष्णता कुठे जाते हे शोधण्यासाठीच होती, हे नम्रपणे नमूद करतो.

४. आता सोमवारी डबे ठेवले तर पाहुण्यांना डबे दिसतील. न ठेवले तर फट दिसणार नाही. मावशींचे मत, "खरं सांगून मोकळा हो. साहेब काय खातील का तुला? त्यांचाही डबा इथेच तापतो." मावशींवर कारवाई करण्यापूर्वी त्या पाचांतला निळ्या झाकणाचा डबा कोणाचा, याची आपण घरी चौकशी करावी.

तरी अर्जदारास कायम करता यावे, यासाठी साचा क्रमांक सातमधील उष्णतेस रोज बारा ते साडेबारा जेवणाची सुट्टी पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावी, म्हणजे अहवाल खरा ठरेल.

आपला, तूर्त हंगामी,
(सही)
शिकाऊ तंत्रज्ञ, उष्णता मोजणी
शुक्रवार, जेवणानंतर