डोकं हलवू नका

३ सप्टेंबर १९८४, सोमवार
आजपासून घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात, सायकॉलॉजी लॅबमध्ये, माझा रिसर्च सुरू. वाचताना माणसाची नजर कशी उड्या मारते, ते यंत्र कागदावर रेघ काढून दाखवतं. अट एकच: वाचणाऱ्याचं डोकं हलता कामा नये. गाइड क्षमा मॅडमना पंधरा दिवसांत दहा जणांच्या स्वच्छ रेघा हव्यात, नाहीतर यंत्र दुसऱ्याला. पंधरा कशाला? आठ दिवसांत देतो.

५ सप्टेंबर, सकाळी ११
ऑफिसातल्या टायपिस्ट नलिनीताईंना बसवलं. डोकं अजिबात हलवायचं नाही, कळलं ना, असं विचारलं. त्यांनी जोरात मान हलवली. रेघ म्हणजे कोंबडीचे पाय. टायपिस्ट लोकांना एका जागी बसायची सवयच नसते.

८ सप्टेंबर
विक्रोळीच्या गुणाजी सुतारांकडून हनुवटी टेकवायला स्टँड करून घेतला. झकास! पहिले तेच बसले. रेघ थरथरली. तुमची हनुवटी बारीक आहे, म्हटलं. ते म्हणाले, हनुवटी लेव्हलमध्ये आहे, टेबल बघा. सुताराला सायन्स काय कळणार?

११ सप्टेंबर
नवी आयडिया. डेंटिस्टकडचं मेण स्टँडवर बसवायचं आणि ते दातांनी घट्ट चावून धरायचं. डोकं जाम! नलिनीताईंनी चावलं आणि नेमकी त्यांना शिंक आली. त्या मागे, कवळी मेणात. त्यांना कवळी आहे हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. आता आहे. त्या माझ्याशी बोलत नाहीत. सायन्सला थोडा त्याग लागतोच.

१७ सप्टेंबर
उद्या मुदत संपते. स्वच्छ रेघा: शून्य. कॉलेजात कुणी समोर उभं राहीना, म्हणून लॅब झाडणाऱ्या सुंदराबाईंना बसवलं. मेण चावून दगडासारख्या बसल्या, तरी रेघ थरथरते! हलू नका हो, असं ओरडलो. तोंडात मेण, त्यामुळे त्या नुसत्याच टेबलाखाली बोट दाखवत राहिल्या. झुरळ असणार. मी झुरळाला घाबरत नाही. पाय खुर्चीवर घेतले, एवढंच. आणि काय सांगू, रेघ एकदम स्वच्छ! मेणाची कमाल.

१८ सप्टेंबर
मॅडम आल्या. मी मेणावर बोलायला सुरुवात केली, तर सुंदराबाई मध्येच म्हणाल्या, "मॅडम, डोकं कुणाचंच हलत नाही. हे साहेब बसल्या बसल्या पाय हलवतात, त्यानं टेबल नाचतं."
मॅडमनी टेबलाखाली वाकून पाहिलं. पाय तेव्हाही हलत होता.
यंत्र माझ्याकडून गेलं नाही, हे महत्त्वाचं. बटणं उद्यापासून सुंदराबाई दाबतील. मी समोर मेण चावून बसायचं.
शेवटी या प्रयोगाला माझंच डोकं लागलं.