शेवटच्या बादलीतलं मीठपाणी

समता कॉलनी, रायपूर
१२ मे २००४

चि. शर्मिष्ठा,
आशीर्वाद. प्रकृती ठणठणीत आहे, जीभ त्याहून.

राजधानी झाल्यापासून इथं जो तो बोअर मारतो. आमची विहीर मात्र आटली. पाणी लागलं नाही तर घर सोडून तुझ्याकडे वर्ध्याला यायचं ठरलंच आहे. म्हणून काल जमिनीत वीज सोडून पाणी शोधणारे बोलावले. त्यांनी एका रेषेत चार सळया ठोकल्या, आणि त्यांच्यातला सुशील मलाच बादलीभर पाणी मागू लागला, वर मीठही!

"पाणी शोधायला आलास की मागायला?"

"काकू, माती कोरडी आहे. वीज आत जाऊनच नाही राहिली."

घरात एकच बादली उरली होती. बडबडत मीठ कालवून दिली. त्यानं ती सळयांच्या बुडाशी ओतली.

सळया एकमेकींपासून लांब, गल्लीच्या टोकापर्यंत नेल्या की वीज खोल उतरते म्हणे. मी स्वयंपाकघरातल्या थंड फरशीवर आडवी झाले. वाटलं, माझं खारट पाणी अंधारात खाली खाली चाललंय, दगडादगडाला कान लावत, आपलं कोणी आहे का विचारत. डोळा लागला.

सुशीलच्या हाकेनं जागी झाले. आमच्या ह्यांनी लावलेल्या जांभळापाशी, दोनशे फुटांवर पाणी असावं म्हणाला. "आहे" नाही म्हणाला, "असावं".

तेव्हा माझ्यासाठी रिकामी केलेल्या खोलीत तुझी शिलाई मशीन परत ठेव. कुलूप मात्र लावू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी,
पद्माताई