रुमालाखालचा भाव

मंगळवार, ९ ऑगस्ट

बाई, इतकी वर्षं तुम्हाला काहीच लिहिलं नाही, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हाही नाही. उत्तर येणार नाही ते लिहून काय करायचं, असं वाटलं होतं. आज मात्र वर्गातून घरी आलो आणि सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचेना.

कॉमर्सच्या वर्गावरचा तुमचा इंग्रजीचा तो तास आठवतो. वाळूजला कारखाने उभे राहत होते, मुलाखती इंग्रजीत होतात म्हणून आम्ही तयार उत्तरं घोकत होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून वर्गाचे दोन भाग पडले होते. बाकांमधल्या वाटेच्या अलीकडचा पलीकडच्याशी बोलत नव्हता. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, घरी जे विकता ते इथं विका, इंग्रजीत. अडलं तर कुणी शब्द पुरवायचा नाही. पहिली पाळी माझी; मी पिशोरचा, घरी मेंढरं. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही मुद्दाम पलीकडचा मुलगा उठवलात, नामांतराच्या मोर्चात पुढं असणारा. देवगावचा माझा मित्र मागून पुटपुटला, "लई साहेब झाला रं. मेंढरू बी इंग्रजीत वरडतंय व्हय?"

गिऱ्हाइकानं विचारलं, "हाऊ मेनी टीथ?" जनावराचं वय दातांवरून बघतात, हे त्याला ठाऊक होतं. मी अडलो. तुम्ही मागच्या बाकावर गप्प. शेवटी मी स्वतःचा जबडा उघडून दोन बोटं दाखवली. दोन्हीकडचे एकदम हसले. "टू टीथ. यंग," मी म्हणालो. मग त्यानं बाजारात करतात तसा हातावर रुमाल टाकून हात पुढं केला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. त्या दिवसांत अलीकडच्या कुणी पलीकडच्याचा हात धरला नव्हता. मी धरला.

"आता रुमाल काढा," तुम्ही मागून म्हणालात. "भाव उघड्यावर, इंग्रजीत. हात राहू द्या."

हात न सोडता आम्ही इंग्रजीत सौदा पुरा केला. तेवढं इंग्रजी मला जन्मभर पुरलं. आता मीच मॅनेजमेंटच्या मुलांना शिकवतो, तुमच्याच रीतीनं. आज फुलंब्रीची एक मुलगी घरचं दूध विकताना अडली. ओठांवर आलेला शब्द मी गिळला. ती फळ्याकडं, मग छताकडं बघत राहिली, आणि स्वतःच अशी बोलली की गिऱ्हाईक झालेला मुलगा घासाघीस करायचं विसरला. तिचा अभिमान वाटला, बाई, आणि तुमचा त्याहून जास्त.

एक कबूल करतो. तुमच्यासारखं गप्प बसणं मला अजून येत नाही. आज जमलं, ते टेबलाखाली स्वतःचाच हात घट्ट धरून.

उद्या: मागच्या बाकावर बसणे.