पान सातचे दोष

बंगळूर,
१२ सप्टेंबर १९९६

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. बडोद्याला तुला शिकवणीची कामं मिळाली, बरं झालं. इथे सगळं ठीक. आईची तब्येत जरा नरमगरम. नेहमीप्रमाणे कार्ड तिने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "माझं काही विचारलंय?" मी म्हटलं, घाईत लिहिलेलं दिसतंय. सहा वर्षं हेच सांगतोय.

रविवारी संग्रहालयात गेलो होतो. अतिवास्तववादी चित्रांचं प्रदर्शन लागलंय. परदेशी चित्रांच्या मोठ्या छापील प्रती, आणि पलीकडच्या दालनात त्याच वळणाने आज काढणाऱ्या आपल्याकडच्या लोकांची चित्रं. मी कशाला तिथे तडमडलो, म्हणशील. पेपरात एक चित्र आलं होतं, धडावर डोक्याऐवजी कंदील. ते पाहून राहवेना.

त्याच्यापुढे उभा राहून मी पुटपुटलो, "असं कोण काढतं?" तिथे माहिती सांगणारी मुलगी, रक्षिता, इथल्याच जुन्या मराठी घरातली निघाली. म्हणाली, "अण्णा, स्वल्प मागं सरून बघा की. येडी न्हवती ही माणसं. सपनात दिसलेलं जागेपणी काढायची. सत्तर वर्षं झाली, अजून पोरं यांचं बघून शिकतात."

मी बाकावर बसलो तो दालन बंद होईपर्यंत. तुझ्या वहीचं सातवं पान आठवत होतं. ओट्याशी उभी आई, डोक्याच्या जागी कुकर, शिटीतून चिमण्या उडतायत.

सुहास, ती वही डॉक्टरांना आईने दिली नाही. मी दिली. तांदळाच्या डब्यामागून मीच शोधून काढली. कारखान्यात सत्तावीस वर्षं मापं तपासली, तीच अक्कल घरी चालवली. पानवार दोष लिहून दिले. "पान सात: डोके नाही." त्या कागदाच्या जोरावर सतरा वर्षांच्या माझ्या पोराला मी दोन महिने मनोरुग्णालयात ठेवलं.

परत आल्यावर तू आईला विचारलंस, कारण वहीची जागा फक्त तिला ठाऊक होती. ती हो म्हणाली. नंतर मला म्हणाली, "माझ्यावरचा राग चार दिवसांत जाईल. तुमच्यावरचा जायचा नाही." आणि मी गप्प बसलो. मला ते सोयीचं होतं, दुसरं काही नाही.

नरमगरम लिहिलं तेही खोटंच. तिची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. डॉक्टर आता दिवाळीपर्यंतचंही बोलत नाहीत. परवा तिला म्हटलं, त्याला खरं कळवतो. तर म्हणाली, "आता कशाला? निदान तुम्हाला तरी त्याची कार्डं येऊ देत."

हे पत्र तिला न सांगता टाकतोय. तू लगेच निघ. माझं तोंड बघायचं नसेल तर तू आलास की मी यशवंतपूरला जाईन, कारखान्यातल्या गुंडूरावांकडे. तू असेपर्यंत तिकडेच राहीन. तिला आता दारापर्यंत येववत नाही. तू आत जाऊन हाक मार.

तुझा अपराधी,
बाबा